आंब्यातला देवचार

आचरा, ता. मालवण
६ मार्च १९५७

चि. हरी,

तुझा कॅमेरा मी काढला आहे. रागवायचं तर पत्र लिहून रागव, म्हणजे निदान पत्र तरी येईल.

तीन वर्षांपूर्वी तू तो बाबांसमोर टेबलावर आपटलास, "ह्याच्यापायीच ना सगळं? घ्या, ठेवा तुम्हालाच," म्हणालास आणि मालवणला जाऊन बोटीत बसलास. तेव्हापासून तो माझ्या कपाटात लुगड्यांखाली आहे. बाबांनी त्याचं काय झालं हे विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मामलेदार कचेरीतली कायमची नोकरी सोडून गिरगावात फोटो स्टुडिओत उभा राहणारा मुलगा, ह्या विषयावर आपल्या घरात बोलणं होत नाही. तुझं दिवाळीचं कार्ड आलं की मी ते पडवीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात वाचते आणि बाबा पडवीत वर्तमानपत्राची पानं जोरजोरात उलटतात. एवढाच तुम्हा दोघांचा पत्रव्यवहार.

आता कॅमेरा का काढला ते सांगते. घरामागच्या रायवळ आंब्यावर गरुडाची जोडी आली आहे. आपण गरुड म्हणतो तो, काळापांढरा, पिवळ्याधमक चोचीचा, आणि चोचीवर आणखी एक शिंगासारखी चोच. पुस्तकात त्याला धनेश म्हणतात. गोठ्याच्या बाजूला, उंचावर, आंब्याला एक ढोली आहे ना, तिथे दोघं येऊन आत डोकावून जायची, जागा भाड्याने घ्यायला आल्यासारखी. मग एक दिवस बाई आत गेली ती बाहेर आलीच नाही. तिने आतून दार लिंपायला घेतलं. आता चोचीपुरती उभी फट उरली आहे. नवरा उंबरं घेऊन येतो, खोडाला बिलगून बसतो आणि एकेक फळ घशातून काढून फटीत देतो. बाईसाहेबांच्या चोचीचं टोक तेवढं दिसतं.

मी मालवणच्या वाचनालयातून पुस्तक आणून वाचलं. आत गेल्यावर तिची पिसं झडतात, तिला उडता येत नाही. पिल्लं मोठी होईपर्यंत, म्हणजे वैशाखापर्यंत, ती आतच. तो आणील ते खायचं. तो आला नाही किंवा झाड पडलं, की आतलं बिऱ्हाड संपलं. हे वाचल्यापासून मी शाळेतून आले की आधी आंब्याकडे जाते आणि मग चहा ठेवते.

मालवणच्या दुकानदाराने कॅमेऱ्यात फिल्मचा रोळ भरून दिला. तो सगळा मी संपवला. तिथल्या फोटोवाल्याला पक्ष्याचे फोटो धुऊन द्या म्हटलं तर तो हसायला लागला, त्याला नवरानवरीच ठाऊक. म्हणून रोळ तुझ्याकडे पाठवते. धुऊन पाठव आणि माझं काय चुकलं ते लिही.

बाबा बरे आहेत. गुडघे धरतात. तू विचारलं नाहीस, तरी सांगितलं.

तुझी
विमलताई


आचरा
२४ मार्च १९५७

चि. हरी,

पाकीट मिळालं. पोस्टमन फाटकात असतानाच मी ते फोडलं. आत सगळे फोटो होते आणि पत्र नव्हतं. पाकीट उलटं करून झटकलं, तरी नव्हतं. मग फोटोंच्या पाठी बघितल्या. "हात हलला." "सूर्य समोर घेतलास, पाठीशी घे." "ही फांदी आहे." "हीसुद्धा फांदीच." एकावर, "हे वाळत घातलेलं धोतर आहे काय?" हो, बाबांचं आहे. आणि शेवटच्यावर, "फार लांब. जवळ जा, पण त्याला माणूस दिसता कामा नये."

मेल्या, एवढं सगळं लिहिलंस, त्यात "मी बरा आहे" हे शब्द कुठेही मावले नाहीत काय? तरी सांगते, मला आनंद झाला. तुझं अक्षर अजून तसंच उजवीकडे पडतं.

इथे फाल्गुनात सगळं परस कामाला लागलं आहे. न्हाणीजवळच्या दोरीला शिंजिराने घरटं टांगलंय, कोळ्याची जाळी, कापूस आणि माझ्या निळ्या लोकरीचा एक तुकडा घालून. म्हणून धुणं आता विहिरीकडे वाळतं. मुंगसीण पिल्लांना घेऊन कुंपणाखालून जाते आणि मी दिसले की मागच्या पायांवर उभी राहून मलाच निरखते. रातांब्यावर हळद्या येतो, पण कॅमेरा डोळ्याला लावला की उडतो. सगळ्यांचे फोटो काढायचे म्हटले तर मला शाळा सोडावी लागेल.

पण आज लिहायचं ते दुसरंच. बाबांनी तो आंबा तोडायचा ठरवलं आहे.

बाबांचंही अगदीच चूक नाही. गेल्या पावसात त्याची एक खांदी पडवीवर आली आणि कौलं फुटली. त्याच पडवीत त्यांची खाट असते. आंबा पोकळ झालाय, घराकडे कललाय, पावसाआधी पाडला पाहिजे, असं ते म्हणतात. मी ढोलीतल्या बिऱ्हाडाबद्दल सांगितलं तर म्हणाले, "पक्ष्यांना झाडं पुष्कळ आहेत. मला घर एकच आहे." मी म्हटलं, वैशाखापर्यंत तरी थांबा. म्हणाले, वैशाखात लाकूडतोडे मिळत नाहीत, सगळ्यांचीच घाई असते. एकदा ठरलं म्हणजे ठरलं, तुला हा स्वभाव मी वेगळा सांगायला नको, तुझाही तोच आहे.

तर गुरुवारी महादू माणसं घेऊन आला. त्याची रीत तुला माहीत आहे, आधी झाडाला नारळ ठेवतो, हात जोडतो, मग कुऱ्हाडीच्या पाठीने खोडावर ठोकतो, आत कोणी असेल तर जा म्हणून. त्याने ठोकलं आणि झाडाच्या पोटातून असा काही आवाज आला की मीसुद्धा दचकले. घसा फाटलेल्या माणसाने पोकळीतून ओरडावं तसा. वरून लिंपणाचा एक पोपडा महादूच्या डोक्यावर पडला. महादूने कुऱ्हाड खाली ठेवली.

"मास्तरांनू, ह्या झाडाक मी हात लावचंय नाय. भुतूर देवचार आसा. तुमी नारळ बंद केल्यात ना, म्हणान तो रागावलो."

तुला सांगायला हवं, दरवर्षी शिमग्यात त्या आंब्याच्या मुळाशी आपण जागेच्या राखणदार देवचाराला नारळ द्यायचो, तो बाबांनी गेल्या वर्षी बंद केला. हेडमास्तराच्या घरात असल्या गोष्टी शोभत नाहीत म्हणाले. आता साऱ्या गावात हेच, मास्तरांनी नारळ बंद केला आणि देवचार बोलला. देवळात बाबा गेले की लोक बोलायचे थांबतात. त्यांनी हयातभर पोरांना भूत नसतं हे शिकवलं, आणि म्हातारपणी त्यांच्याच परसात एक निघालं.

बिऱ्हाडावरची कुऱ्हाड टळली म्हणून मी खूश व्हायला हवं. पण बाबांचा चेहरा बघवत नाही.

विमलताई


आचरा
२ एप्रिल १९५७

चि. हरी,

पाडवा झाला. गुढी मीच उभारली, बाबा खालून काठी सरळ नाही म्हणून सांगत होते. ती सरळच होती.

तुझा सल्ला मानला. "जवळ जा, पण माणूस दिसता कामा नये." जवळ म्हणजे गोठ्याच्या छपरावर, तिथून ढोली समोरासमोर येते. पण छपरावर बसलेली बाई त्याला दिसणार नाही असं कसं करायचं? मी बरेच दिवस विचार केला. मग माळ्यावर इरलं दिसलं.

हसू नकोस. भातलावणीला घालतात तेच पानांचं इरलं, डोक्यापासून कमरेपर्यंत. आत बसलं की बाहेरून वाळक्या पानांचा ढीग दिसतो. पुढच्या फटीतून कॅमेरा काढायचा. लुगडं खोचून शिडीने वर गेले आणि चैत्राच्या उन्हात इरलं पांघरून बसले. घामाच्या धारा लागल्या. आणि नेमकी शेजारची सुगंधाकाकी पाणी भरायला आली.

"गो विमल! चैतात इरला घेऊन थंय काय करतंस? पाऊस खंय पडता?"

मी गप्प. बोलले असते तर तो उडाला असता, माडावर येऊन बसलाच होता.

"गो, बरी आसंस मा?"

मी तरीही गप्प. काकी कळशी तिथेच टाकून थेट पडवीत गेली आणि बाबांना म्हणाली, तुमच्या चेडवाक देवचारान धरल्यान. बाबा काठी टेकत मागे आले. त्यांनी वर बघितलं, इरलं बघितलं, फटीतून बाहेर आलेला तुझा कॅमेरा बघितला. तीन वर्षांनी तो त्यांच्यासमोर आला होता. मला वाटलं, आता काही खरं नाही. ते काकीला म्हणाले, "तिचं काम चाललं आहे. मोठ्याने बोलू नका." आणि आत गेले.

तेवढ्यात तो ढोलीशी आला. उंबर चोचीत धरून त्याने मान वाकडी केली आणि फटीतून तिची चोच पुढे आली. दोन्ही चोचींच्या मधे ते फळ होतं. मी खटका दाबला. हात हलला असेल तर मी ह्या जन्मात पुन्हा कॅमेरा धरणार नाही.

रोळ ह्याबरोबर पाठवते आहे. जपून धू.

विमलताई

ता.क. आता आतून बारीक चिरका आवाजही येतो. पिल्लू आहे.


आचरा
१५ एप्रिल १९५७

चि. हरी,

फोटो एवढा मोठा करून पाठवशील असं वाटलं नव्हतं. मी तो हातात धरून उजेडाकडे नेऊन बघितला. तिच्या चोचीवरचा चिखलसुद्धा दिसतो. आणि पाठीवर तुझं, "हा चांगला आला. बाबांना दाखव."

हरी, मला ते वाचून किती बरं वाटलं हे मी तुला सांगू शकत नाही. आणि आता वाटतं, दाखवला नसता तर बरं झालं असतं.

दाखवला. बाबांनी चष्मा पुसला, फोटो बघितला, मग उलटा करून पाठीवरचंही वाचलं. मला लाज वाटली, त्यांना काय वाटलं ते त्यांनी दिसू दिलं नाही. आधीच्या फोटोंच्या पाठी त्यांनी केव्हाच वाचल्यात हे मला तेव्हा कळलं, कारण म्हणाले, "शिकवतो बरा. थोडक्यात आणि स्पष्ट." हे कुणाबद्दल म्हणाले ते नाव नाही घेतलं. पण हेडमास्तर असताना त्यांनी कुणाही मास्तरला एवढं म्हटलेलं मला आठवत नाही.

मग त्यांनी धुतलेला कोट घातला, फोटो वर्तमानपत्रात गुंडाळला आणि देवळात गेले. मी मागोमाग गेले. सभामंडपात दुपारचे लोक बसले होते, महादू होता. बाबांनी फोटो मधे ठेवला आणि म्हणाले, "हा तुमचा देवचार." सगळे वाकले. आधी कुणाला कळेना. मग महादूच हसला, इतका हसला की त्याला ठसका लागला. "अरे, ह्यो तर गरुड! ह्येची बायल माका आरडली!" मग सगळेच हसले, बाबाही हसले. कित्येक दिवसांनी मी त्यांना गावात असे ताठ बसलेले पाहिले. घरी येताना वाटेत ज्याला त्याला सांगत होते, "आमच्या हरीने मोठा करून पाठवला." हो, नाव घेतलं. वाटेतल्या लोकांसमोर घेतलं, घरात नाही.

आणि उठताना महादू म्हणाला, "मगे आता भियाचा कारण नाय. पुढच्या सोमवारी येतंय कापूक." बाबा म्हणाले, "ये."

मला हे आधी कळायला हवं होतं. देवचार होता तोवर त्या झाडाला कुणी हात लावत नव्हतं. मी इरल्यात घाम गाळून त्यालाच हाकलला. आता ते नुसतं पोकळ झालेलं लाकूड आहे, आणि आत बाई आणि पिल्लू आहे, आणि तिला पिसं नाहीत. मी बाबांना पुन्हा सांगितलं. भांडलेसुद्धा. ते म्हणाले, "मी साऱ्या गावासमोर शब्द दिला. आता झाड ठेवलं तर लोक म्हणतील मास्तर अजून घाबरतो."

हरी, माझ्या सांगण्याने ते थांबणार नाहीत. मी रोजची आहे. तू लिही. एक ओळ लिही, "महिनाभर थांबा" एवढीच. फोटोंच्या पाठीवर लिहितोस तसं लिही, मायना नको, क्षेमकुशल नको. सोमवारच्या आत पोचेल असं आजच टाक.

विमलताई


आचरा
२३ एप्रिल १९५७

हरी,

तुझी ओळ आली नाही. मी शनिवारी पोस्टात गेले, सोमवारी सकाळी शाळेआधीही गेले. आली नाही. मी तुझ्यावर चिडले आहे, हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं नीट सांगता येईल.

सोमवारी शाळा सकाळची होती. परीक्षा, रजा मिळण्याजोगी नव्हती. मुलींना बेरजा घातल्या आणि खिडकीशी उभी राहिले, कुऱ्हाडीचा आवाज येतो का ऐकत. घर लांब आहे, ऐकू येणार नाही हे माहीत होतं. शाळा सुटली तशी चालत निघाले आणि पारापासून धावायलाच लागले. लोक बघत होते. बघू देत.

परसात गेले तर आंबा उभा. कुऱ्हाडी मुळाशी पडलेल्या. महादू आणि त्याची माणसं पडवीत ओळीने बसलेली, हातात कपबशा, आणि बाबा खुर्ची परसाच्या तोंडाशी घेऊन बसलेले.

"काय झालं?" मी विचारलं.

महादू म्हणाला, "बाय, काय सांगू तुका. सकाळी इलंव, कुऱ्हाड उचललंय, तर तो इलो. माडार बसलो, तोंडात उंबर. आमी खाली उभे, म्हणान येयना. नुसतो हय थंय बघता. मास्तर म्हणाले, जरा पडवेत या रे, तेका जावंदे. आमी इलंव. तो गेलो, बायलेक भरवल्यान, गेलो. परत कुऱ्हाड घेतलंय, परत इलो! परत मास्तर म्हणतत, या पडवेत. सकाळधरना आमचा ह्याच चल्लाहा. च्या पिऊन पोट फुगला."

मी बाबांकडे बघितलं. ते आंब्याकडे बघत होते.

"एकदा तो फळ घेऊन बसला तो बसलाच," बाबा म्हणाले. "ही माणसं विड्या ओढत उभी. त्याने फळ टाकलं नाही, स्वतः खाल्लं नाही. घेऊन बसला होता. मला ते बघवेना."

मग महादू उठला आणि म्हणाला, "मास्तरांनू, असा आसा तर झाड कापूचा कसा? तुमीच सांगा."

"आज राहू दे," बाबा म्हणाले. "पडवीवर आलेल्या खांद्या तेवढ्या उतरव. ढोलीच्या बाजूला हात लावायचा नाही. ती बाहेर येईपर्यंत नाही."

"आणि लोकांनी इचारल्यानी तर?"

"सांग, मास्तर घाबरला."

महादू हसला नाही. त्याने नारळ आणला होता, तो त्याला बाबांनी घरी न्यायला सांगितला. जाताना तो मला म्हणाला, "तुझो बापूस बरो आसा गो," जणू मला माहीत नव्हतं. खाट आता माजघरात आणली आहे. बाबा म्हणतात तिथे वारा लागत नाही, पण झोपतात.

संध्याकाळी मी तांदूळ निवडत होते. बाबा वर्तमानपत्र घेऊन बसले होते, वाचत नव्हते. तुला माहीत आहे, ते घरातसुद्धा शाळेतलं मराठी बोलतात. काल अचानक मालवणीत म्हणाले, "विमल, तेका थंय जेवक कोण वाढता?"

मला कळलं होतं. तरी मी विचारलं, "कोणाला?"

त्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं. आणि त्याच्या आडून म्हणाले, "हरीक."

हरी, मला रडू आलं. मी तांदळात तोंड घालून रडले. मग सांगितलं, खाणावळीत जेवतो, मासळी शिळी असते असं त्याने एकदा लिहिलं होतं. ते म्हणाले, खाणावळीत भातात सोडा घालतात. मी म्हटलं, मग तुम्ही लिहा त्याला. "काय लिहू? माझं चुकलं म्हणून लिहू?" मी म्हटलं, ते नका लिहू, दुसरं काहीही लिहा. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

तूही लिहीत नाहीस, ते लिहीत नाहीत, आणि मी दोघांची पत्रं एकटी लिहून दमले आहे. तीन वर्षं दमले आहे. मला माझा भाऊ घरात हवा आहे. ह्याहून सोपं मला लिहिता येत नाही.

विमलताई


आचरा
१८ मे १९५७

चि. हरिश्चंद्र यास आशीर्वाद.

विमला मामेबहीण जानकीच्या लग्नासाठी कणकवलीस गेली आहे, म्हणून हे पत्र मी लिहीत आहे.

काल सकाळी ढोलीचे लिंपण फुटले. मी खुर्चीत बसलो होतो. प्रथम मादी बाहेर आली. तिची शेपटी चुरगळलेली होती आणि तिला नीट उडता येत नव्हते. नर माडावरून मोठ्याने ओरडत होता. नंतर पिल्लाने तोंड बाहेर काढले. ते बराच वेळ तसेच बसून राहिले, मला वाटले येत नाही. दुपारी आले. उडाले ते सरळ विहिरीच्या कठड्यावर येऊन आदळले आणि तिथेच बसले. माझ्यापासून ते इतके जवळ होते की त्याचे डोळे मिटताना दिसत होते.

विमलाने दोन महिने याच्यासाठी छपरावर ऊन खाल्ले आणि नेमक्या त्या दिवशी ती घरी नव्हती. याचे मला फार वाईट वाटले. तेव्हा मी तुझा कॅमेरा खुंटीवरून काढला. ती कोणता खटका दाबते ते मला माहीत होते. किती वेळा दाबला ते आठवत नाही. काही उमटले आहे की सगळे काळे आले आहे, हे मला सांगता येणार नाही. तेवढ्यात नर खाली आला आणि पिल्लाला भरवू लागला, तेव्हाही दाबला. त्या वेळी मला नीट दिसत नव्हते.

झाड पावसानंतर पाहू. घाई नाही.

तुझ्या कामाबद्दल मी पूर्वी जे बोललो ते काम न पाहताच बोललो. विमलाला पाठवलेला मोठा फोटो मी चौकट करून पडवीत लावला आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो आणि मला सांगावे लागते. सांगायला मला आवडते.

रोळ वाडीतल्या दत्तारामच्या हाती देत आहे, तो उद्याच्या बोटीने मुंबईस निघतो. मालवणलाच धुऊन घेऊ का, असे त्याने विचारले. मी नको म्हटले. पावसामुळे बोटी या महिनाअखेर बंद होतील. बोट चुकली तर एस.टी. आहे. फणस पिकत आले आहेत.

फोटो टपालाने पाठवू नकोस. घेऊन ये.

बाबा